एकेचाळीस शून्यं

७ जानेवारी

आज सात पाल्यांची पेज. बाजारात पाचच पाले धड मिळाले, म्हणून मुळ्याचा आणि शलगमाचा पाला दोन-दोनदा घातला आणि सात मोजले. देवाला भाव कळतो. पहिली वाटी पितरांच्या देव्हाऱ्यात ह्यांच्या नावाच्या पाटीपुढे ठेवली, दुसरी ट्रेमधून वर नेऊन दाराबाहेर ठेवली, तिसरी मी खाल्ली.

ही वही हिशेबाची आहे. हिशेबाच्या उजवीकडे 'शेरा' असा रकाना असतो, त्यात लिहिते. रोजनिशीला वेगळी वही कशाला? माझ्या मनात फार काही नसतं. जास्त झालंच तर मागची पानं कोरी आहेत.

दुपारी फिरती पाटी आली. आमच्या वस्तीतल्या एकेचाळीस घरांतून ती फिरते. वाचायचं, शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. एरवी बर्फ कुणी उपसायचा आणि कचरा कधी ठेवायचा एवढंच असतं. या वेळी नगर कार्यालयाचा कागद होता. 'आपल्या घरात सहा महिन्यांहून अधिक काळ घराबाहेर न पडलेली, कामाला न जाणारी, कुणाला न भेटणारी व्यक्ती आहे काय? असल्यास संख्या लिहा.' वर ठळक अक्षरांत तो शब्द छापला होता. टीव्हीवर रोज असतो. मी तो लिहीत नाही. शब्द म्हणजे पाहुणा, एकदा चहा पाजला की रोज दारात.

मी शून्य लिहून शिक्का मारला. यात खोटं काही नाही. माझा मुलगा तेप्पेई खोलीबाहेर पडत नाही. कागदात घराबद्दल विचारलं आहे, खोलीबद्दल नाही. तेविसाव्या वर्षी ओसाकाची नोकरी सोडून आला, वर गेला, आता चौतीस पूर्ण. स्वभाव शांत आहे, एवढंच.

माझ्याआधीच्या सगळ्या घरांनीही शून्यच लिहिलं होतं. नंतर पाटी शेजारी इबारा-सानना नेऊन दिली. बाईंनी दारातच, माझ्यादेखत, शून्य काढलं. काय ते शून्य! बांगडी ठेवून काढल्यासारखं, वर दोनदा गिरवलेलं. काही बायकांना कशातही टापटीप दाखवायची हौस.

११ जानेवारी

नववर्षाला देवापुढे मांडलेली तांदळाच्या पिठाच्या गोळ्यांची उतरंड आज फोडली. बुरशी आलेला भाग खरवडून बाकीचं गोड डाळीच्या कढणात घातलं. इबारा-सान आल्या. मेपलच्या पानाच्या आकाराची बिस्किटं आणली होती. "चिनात्सुने कॅनडाहून पाठवली," म्हणाल्या. चिनात्सु त्यांची मुलगी, नऊ वर्षं तिकडे असते. पाकिटावर साखरेचं प्रमाण आपल्याच लिपीत छापलेलं. म्हणजे पोरगी दमडीचं पाठवत नाही आणि आई बिचारी मॉलमधून आणून मिरवते. मला दया आली. मी काही बोलले नाही.

माझी गोष्ट निराळी. तेप्पेई सप्पोरोला नोकरीला आहे असं मी सांगते. ऑक्टोबरात डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सप्पोरोकडच्या, होक्काइदोच्या मालाचा मेळा लागतो, तिथून लोण्याची बिस्किटं आणते, वेष्टनावरची दुकानाची चिठ्ठी नखाने काढते आणि सगळ्यांना वाटते. वस्तीच्या मनाला तेवढंच बरं. हे गेले तेव्हाही बर्फामुळे सप्पोरोचं विमान रद्द झालं असं सांगून वेळ निभावून नेली. लोकांनी किती हळहळ केली!

आम्ही कढण पीत होतो तोच जिन्याची चौथी पायरी करकरली. मी खोकले. पायरी पुन्हा करकरली, या वेळी वर जाताना.

"उंदीर?" इबारा-सान.

"मांजर."

"तुमच्याकडे मांजर आहे?"

"येतं-जातं."

"अंगाने भरलेलं दिसतंय," असं म्हणून त्यांनी कढणाची वाटी तळापर्यंत चाटूनपुसून संपवली. खायला काही म्हणजे काही सोडत नाहीत.

१३ जानेवारी

देवाने माझं घर निवडलं. अक्षर वाकडं येतंय.

आज देवळात चिठ्ठ्या होत्या. एका थाळीत सगळ्या घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात. उजिए गुरुजी त्यांच्यावरून कागदी झुरमुळ्यांची काठी फिरवतात, आणि जी चिठ्ठी झुरमुळ्यांना चिकटून वर येते ते त्या वर्षीचं मानकरी घर. अकरा फेब्रुवारीच्या उत्सवाआधी त्या घरच्या कर्त्या पुरुषाने देवळामागच्या झोपडीत सात दिवस एकट्याने बसायचं. वेगळी चूल, मौन, बाईचं तोंड पाहायचं नाही, बाहेर पाऊल ठेवायचं नाही. आठव्या दिवशी बाहेर येऊन झुरमुळ्यांची काठी घेऊन देवापर्यंत चालायचं. झालं.

चिठ्ठी निघाली 'मिझोबे'.

हे गेल्यावर वस्तीप्रमुख तोकुनागा-सान मला विचारायला आले होते. "घरात पुरुष नाही, तर नाव यादीतून काढू का?" मीच ठसक्यात म्हटलं होतं, "काढताय काय? माझा तेप्पेई आहे की सप्पोरोला." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती आज टाळ्याला चिकटून बसली आहे.

सगळ्यांनी वाकून माझं अभिनंदन केलं. पुरुषांच्या तोंडावर नुसता आनंद फुलला होता, आपण सुटलो याचा. कारण सात दिवस एकटं बसणं आता कुणाला जमतं? गेल्या वर्षी खुद्द तोकुनागा-सान तिसऱ्या दिवशी मागच्या खिडकीतून उतरून नूडल्सच्या दुकानात गेले होते. मालकिणीने ओळख दाखवली नाही, पण वाटीत अंडं जास्त घातलं.

१४ जानेवारी

तोकुनागा-सानकडे जाऊन सांगितलं, की तेप्पेईला रजा मिळायची नाही.

"मी त्याच्या साहेबांना पत्र लिहितो. वस्तीचा शिक्का मारून. कंपनीचं नाव काय?"

"मोठी कंपनी आहे."

"हो, पण नाव?"

"बरंच लांबलचक आहे. घरी लिहून ठेवलंय."

"मग घेऊन या. आणि हे बघा मिझोबे-सान, देवाने बोलावलं आणि घर गेलं नाही, तर देवळाच्या मंडपातली तुमच्या घराची लाकडी पाटी उतरवावी लागेल. मला का आनंद आहे त्यात? पण रीत आहे."

ती पाटी सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली आहे. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला त्या पाटीपुढे नमस्कार करायला लावला होता. सासूबाई माझ्याशी एवढं एकच गोड वागल्या.

१६ जानेवारी

उजिए गुरुजी मानकऱ्याच्या घराची शुद्धी करायला आले. पाच गावांची देवळं एकटेच सांभाळतात, म्हणून सदा घाईत असतात. पण शब्दांचा विषय निघाला की बूड हलत नाही. चहा घेताना टीव्ही चालू होता आणि नेमका कागदावरच्या त्या शब्दाचाच कार्यक्रम लागला. मी बंद करायला उठले.

"असू द्या. गंमत माहीत आहे का तुम्हाला?" गुरुजी म्हणाले. "हा जो शब्द आहे ना, त्याचा पहिला तुकडा म्हणजे ओढून घेणं, मागे सरणं. आणि दुसरा तुकडा, कोमोरी, तो आमचा आहे. देवळाचा."

"देवळाचा?"

"आपल्या झोपडीला काय म्हणतो आपण? कोमोरीची झोपडी. पूर्वी अडलेला, आजारी, मूल नसलेला माणूस देवळात येऊन सात-सात रात्री कोंडून बसायचा. बोलायचा नाही. देवाकडे काहीतरी मागायला आत जायचा. त्याला कोमोरी म्हणायचे आणि मोठा मान द्यायचे. मग या टीव्हीवाल्यांच्या काळात त्याला पुढे 'मागे सरणं' चिकटलं, आणि आतला देव कुणीतरी काढून नेला. शब्द तोच राहिला. नुसता कोंडलेला."

"मग दोघांत फरक काय राहिला?"

गुरुजींनी चहाचा पेला खाली ठेवला. "देवळात बसलेल्याची बाहेर कुणीतरी वाट पाहत असायचं. आपल्याकडे अजून पाहतात. मानकरी बाहेर आला की वस्तीप्रमुख विचारतो, 'कुठे होतास?' तो सांगतो, 'आत होतो.' मग सगळे म्हणतात, 'ये.' सगळा विधी तेवढ्यात आला. बाकीचं फुलंपानं."

विद्वान माणूस, पण जाताना नैवेद्याचे तांदूळ दोन पेले जास्त घेऊन गेला.

१७ जानेवारी

ट्रे ठेवायला गेले तेव्हा दारापाशीच बसले आणि सगळं सांगितलं. दाराशी इतकं सलग कधी बोलले नव्हते. ट्रेमधलं सगळं गार होईपर्यंत तिथेच बसले. मग आवाज आला. गंजलेल्या कडीसारखा.

"किती दिवस?"

"सात."

"सातच?"

माझ्या जिवात जीव आला. सगळी वस्ती सात दिवसांच्या नावाने कापते आणि माझ्या पोराला ते कमी वाटतात! मी लगेच बेत सांगितला. पहाटे मागच्या दाराने निघायचं, ह्यांची जुनी सूटकेस घ्यायची, पुढच्या गावच्या थांब्यावर बस धरायची आणि नऊच्या बसने वस्तीत उतरायचं. सप्पोरोहून आला. सूटकेसमध्ये वजनाला जुनी रद्दी भरीन.

आतून हसल्यासारखं वाटलं, पण नीट कळलं नाही.

२० जानेवारी

आज तो बोलला. जसं बोलला तसं लिहून ठेवते, म्हणजे ह्यांच्यापुढे वाचून दाखवता येईल.

"आई, शेवटी मला विचारणार, 'कुठे होतास?'"

"हो. आणि तू म्हणायचं, 'आत होतो.' चार अक्षरं. त्यात काय अवघड आहे?"

"मी ते म्हणेन. पण त्यांना सप्पोरो ऐकू येईल."

"मग बरंच की!"

"बरं नाही. तसं असेल तर मी जाणार नाही. आधी तू जाऊन सांग, मी कुठे होतो ते."

"मी? भर सभेत?"

"मग पाटी उतरवू दे."

घराण्याची पाटी ह्याला एवढी हलकी! माझा तोल गेला. म्हटलं, "तुझी लाज झाकायला अकरा वर्षं मी मर मर मरले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती आवळून बसले, बोटं वळली माझी. आणि तू मलाच..."

"बाबा गेले त्या दिवशी मी जिन्यावर उभा होतो," तो म्हणाला. "त्यांचा काळा सूट घालून. केस बांधले होते. चौथ्या पायरीपर्यंत आलो होतो. तू वळून पाहिलंस आणि हाताने 'वर जा' असं केलंस."

असं काही झालेलं मला आठवत नाही. त्या दिवशी लोकांना बसायला चाळीस उश्या मांडायच्या होत्या, येणाऱ्यांच्या नोंदवहीपाशी कुणाला बसवायचं ते पाहायचं होतं. हात कुणाला काय करत होता, कोण लक्षात ठेवतो?

"तो सूट अजून माझ्याकडेच आहे," तो म्हणाला.

२१ जानेवारी

खोटं बोलतो. सूट खालच्या कपाटात पिशवीत आहे. दर जूनमध्ये साखळी बोटभर उघडून मी त्यात ताज्या डांबरगोळ्या टाकते.

२४ जानेवारी

आज कपाट उघडलं. पिशवीची साखळी ओढली. आत हँगर आणि डांबरगोळ्या.

चार वर्षं मी रिकाम्या पिशवीला कसर लागू नये म्हणून जपत होते. गोळ्यांचं एक पाकीट दोन उन्हाळे पुरवते मी, तरी दोन पाकिटं फुकट गेली.

ह्यांच्यापुढे उदबत्ती लावून बसले. नामजप केला, पण मोजणी चुकत राहिली. देवाच्या दारात त्याला विचारणार, 'कुठे होतास?' आणि तो खरं सांगणार, आणि सगळ्या वस्तीला खोटं ऐकू येणार, माझ्यामुळे. देवाचं दार म्हणजे काही नगर कार्यालय नव्हे, की शून्य लिहिलं आणि शिक्का मारला.

२७ जानेवारी

झालं सांगून.

मंडपात सभा होती. स्टोव्हवर किटली, चौतीस-पस्तीस माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात एक संत्रं. तोकुनागा-सान म्हणाले, "बोला मिझोबे-सान, रजेचं काय झालं?"

मी गुडघ्यांवर हात ठेवून म्हटलं, "तेप्पेई सप्पोरोला नाही."

"बदली झाली?"

"नाही. तो वर आहे."

"वर म्हणजे? उत्तरेला, आओमोरीला?"

"वर म्हणजे जिन्याने वर. त्याच्या खोलीत. अकरा वर्षं. सप्पोरोला तो कधी गेलाच नाही. विमानही रद्द झालं नव्हतं."

मी डोकं चटईला टेकवून वाट पाहत राहिले, कोण पहिलं काय म्हणतंय याची. पहिली बोलली तोकुनागा-सानची बायको.

"बिस्किटं मात्र छान असायची हो."

आणि एकदम हशा पिकला! वाईट नव्हता हशा, पण हशाच. मी डोकं वर काढलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, मेळ्याच्या रांगेत तुम्ही माझ्यापुढे उभ्या होतात. दोन वेळा. आणि सप्पोरोचा माणूस नेमका मेळा लागतो त्याच आठवड्यात बिस्किटं पाठवतो, असं कसं?"

"तुमच्या वरच्या खोलीचा दिवा पुलावरून दिसतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग कुणी बोललं का नाही?"

तोकुनागा-सानना खरोखर नवल वाटलेलं दिसलं. "तुम्ही एवढ्या कष्टाने सांगत होतात. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

बघा! अकरा वर्षं मी वस्तीला फसवते आहे असं समजत होते, आणि वस्ती मला फसू देत होती. सभ्यतेने. अशा सभ्य माणसांच्या तोंडावर एकेक लोण्याचं बिस्किट फेकून मारावंसं वाटलं. तेवढ्यात एक म्हातारबुवा गंभीरपणे म्हणाले, "अकरा वर्षं म्हणता? मग सात दिवसांना यापेक्षा लायक माणूस आपल्या पंचक्रोशीत नाही." ठराव एकमताने मंजूर. टाळ्या.

फक्त इबारा-सान हसल्या नाहीत. सोललेलं संत्रं हातात तसंच. एक फोड तोंडात घातली नाही. तब्येत बरी नसावी.

३ फेब्रुवारी

आज भाजलेले सोयाबीन फेकायचे. 'भुतं बाहेर, लक्ष्मी आत' असं ओरडत दरवर्षी मी दारातून चार दाणे टाकते. चारच, कारण बाकीचे खायचे असतात, वयाइतके. माझे अडुसष्ट मोजले आणि चौतीस वर नेऊन ठेवले. यंदा ओरडताना जीभ अडखळली. 'बाहेर' कुणाला म्हणायचं आणि 'आत' कुणाला?

उद्या सकाळी त्याला जायचं आहे.

४ फेब्रुवारी

गेला. नऊ वाजता, पुढच्या दाराने, उजेडात. सूटकेस नाही.

मी ठरवल्याप्रमाणे स्वयंपाकघरात उभी राहिले, म्हणजे त्याला अवघडल्यासारखं होऊ नये. चौथी पायरी करकरली. खोकला आला होता, पण बाहीने तोंड दाबून धरलं. तो खाली आला. केस कमरेपर्यंत, रंग मुळ्यासारखा, अंगावर ह्यांचा काळा सूट. बाह्या त्याला आखूड होतात. ह्यांच्यापेक्षा उंच झाला आहे हे मला माहीत नव्हतं.

बर्फाची लख्ख चमक डोळ्यांवर आली तसा तो दारात थांबला. तोकुनागा-सान बाहेर न्यायला उभे होते. त्यांनी आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चल बाबा. आत गेलास की बरं वाटेल."

७ फेब्रुवारी

झोपडीकडे बायकांनी जायचं नाही, म्हणून बातम्या दुसऱ्यांच्या तोंडून. स्वतः शिजवून खातो म्हणे, आणि भात उत्तम करतो. हे कधी शिकला? मग आठवलं. दोन वर्षं गॅसचं बिल चुकून जास्त येतं म्हणून मी कंपनीशी पत्रांवर पत्रं लिहून भांडते आहे.

तोकुनागा-सानच्या बायकोने वेगळंच सांगितलं. तोकुनागा-सान रोज संध्याकाळी झोपडीच्या भिंतीला पाठ लावून बसतात, म्हणाली. तेप्पेईचं मौन, त्यामुळे तेच बोलतात. तास-तासभर. काल तिथे दोघे आणखी होते, नंबर लावून. "घरी मला 'हं'च्या पुढे शब्द नाही, आणि तिथे काय एवढं सांगत असतील?" ती चिडली होती. आमच्या वस्तीत बोलायला सगळे मोकळेच आहेत असा माझा समज होता.

११ फेब्रुवारी

आलं बाहेर माझं पोर.

बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला, मधून बर्फ साफ केलेली वाट. झोपडीचं दार सरकलं. तो दोन्ही हातांत झुरमुळ्यांची काठी धरून उभा. पाऊल टाकलं आणि डाव्या पायातली गवती चप्पल बर्फात रुतून राहिली. तो थांबला. सगळी वस्ती थांबली. वाकला तर काठी खाली येणार, आणि काठी जमिनीकडे झुकवायची नाही. इतका वेळ उभा राहिला की मला वाटलं, वळतो आता, जातो आत. माझा उजवा हात वर यायला लागला होता. तो कुठे निघाला होता कुणास ठाऊक. मी तो डाव्या हाताने धरून ठेवला.

मग तो तसाच चालला. एक पाय चपलेत, एक बर्फात.

मंडपाच्या पायरीशी तोकुनागा-साननी मोठ्याने विचारलं, "कुठे होतास?"

"आत होतो."

"ये!" सगळ्यांचा एक आवाज. एरवी हे 'ये' म्हणजे जांभई असते. लवकर म्हणायचं आणि साकेच्या बाटलीकडे वळायचं. आज पुरुषांच्या रांगेतून असा आवाज निघाला की छपरावरचा बर्फ खाली घसरला. तोकुनागा-सान नाक शिंकरत होते. थंडी फार होती.

मी 'ये' म्हटलं की नाही? बहुतेक म्हटलं.

१५ फेब्रुवारी

लोक विचारतात, आता सुधारला का? म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नाही. दिवसभर वरच असतो. जेवायला खाली येतो. केस कापत नाही. काल मुळा किसून दिला, जरा जाडसर.

आज दुपारी आम्ही दोघं जेवत होतो तोच पुढच्या दारातून इबारा-सानची हाक आली. आणि माझा हात उठला. मी पाहत होते आणि तो माझ्याच डोळ्यांपुढे उठला, बोटं जिन्याकडे झाली. अगदी सराईत.

तेप्पेईने हाताकडे पाहिलं. मी पाहिलं. मग मी त्या हाताने लोणच्याची बरणी उचलली आणि उगाच इकडची तिकडे ठेवली.

तो उठला नाही. इबारा-सान आत आल्या तेव्हा मान लववून म्हणाला, "मी तेप्पेई. तुमच्या शेजारीच राहतो."

"ते मांजर," मी म्हटलं.

इबारा-सान हसल्या, आणि मग पटकन बसल्या. तेप्पेई वर गेल्यावर त्यांनी माझी बाही धरली. "मिझोबे-सान, एक विचारू? दाराबाहेरून तुम्ही त्याला पहिल्यांदा नेमकं काय म्हणालात? शब्द सांगा. अगदी जसेच्या तसे."

"काय म्हणणार? चिठ्ठी निघाली म्हटलं."

"आणि तो बोलेपर्यंत किती वेळ बसलात?"

"पाय बधिर होईस्तोवर."

त्यांनी मान हलवली, शाळेतल्या पोरीने धडा पाठ करावा तशी. बाईला दुसऱ्याच्या घरातलं खोदून काढायची भारी हौस. हिची मुलगी कॅनडात, हिला दाराबाहेर बसायच्या युक्त्या कशाला हव्यात?

२० फेब्रुवारी

फिरती पाटी पुन्हा आली. नगर कार्यालयाने कागद परत पाठवला आहे. 'आपल्या वस्तीत एकेचाळीस घरं आणि एकेचाळीस शून्यं आढळली. कृपया पुन्हा एकदा विचार करून भरावा.' सरकारी माणसाला विनोद कळतो हे मला माहीत नव्हतं.

माझ्याआधीच्या सगळ्यांनी पुन्हा विचार करून पुन्हा शून्य लिहिलं होतं.

तेप्पेईला विचारलं, "आता काय लिहू? तू तर बाहेर येऊन गेलास."

त्याने सोयाबीनच्या आमटीचं पाणी प्यायलं, वाटी खाली ठेवली. "एक लिही. अजून आहे मी."

एक लिहिला. एक लिहायला शून्यापेक्षा कमी शाई लागते. खाली 'शेरा' असा रकाना होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. तिथे लिहिलं: 'तेप्पेई मिझोबे, मुलगा, वय चौतीस. हिकिकोमोरी. त्याच्या आईने त्यात मदत केली.' शिक्का मारला. शब्द लिहिला आणि काही झालं नाही. जेवून वर गेलेला तेप्पेई पंखा फिरावा तसा खोलीत चालत होता.

पाटी इबारा-सानकडे दिली. त्यांनी दारातच वाचली. या वेळी माझ्यादेखत काही लिहिलं नाही. "ठेवून जा," म्हणाल्या.

२४ फेब्रुवारी

चार दिवस झाले, पाटी अजून इबारा-सानकडेच. पुढची घरं खोळंबली आहेत. कचऱ्याचा वार बदललेला कुणाला कळलेला नाही. एरवी ही बाई पाटी पाच मिनिटांत पुढे ढकलते. मी मागायला निघाले तर तेप्पेई म्हणाला, "राहू दे आई. लिहू दे त्यांना."

"एक आकडा लिहायला चार दिवस?"

"तुला अकरा वर्षं लागली."

मी चपला काढून ठेवल्या. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीत गेले तेव्हा शेजारच्या घरात डोकावले. मुद्दाम नाही, दिसतंच. इबारा-सान वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एका बंद दाराबाहेर मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर फिरती पाटी होती.

कॅनडा फार लांब असेल असं मला नेहमी वाटायचं.

थंडी आहे, जमीन गार असते. उद्या सकाळी जाऊन बसायची उशी देऊन येते. चाळीस पडून आहेत घरात.